‘शे’पुढची रिकामी जागा

मी पितांबर. धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं कॉम्प्युटर शिकवतोय. तोंडाने फटकळ आहे, हे पोरांना पहिल्या आठवड्यातच कळतं. पण हे सांगताना मी स्वतःची बाजू मांडणार नाही. मांडायला बाजू उरलेली नाही.

सात वर्षांपूर्वी मी एक उद्योग आरंभला. कॉम्प्युटरची एक नवी भाषा बनवायला घेतली, तीही अहिराणीतून. साक्री-शिरपूरकडून येणारी पोरं डोक्याने तल्लख, पण इंग्रजी शब्द दिसला की त्यांचा हात थबकायचा. म्हटलं, यंत्राला काय, तुम्ही ‘इफ’ म्हणा नाहीतर ‘जर’ म्हणा. त्याला अर्थाशी मतलब. मग मी रोज थोडं थोडं करत ती भाषा उभी केली आणि तिचं नाव ठेवलं ‘गोट’. अहिराणीत गोट म्हणजे हकिकत, दोन माणसांतलं बोलणं. कॉलेजातले सहकारी म्हणाले, सरांना उतारवयात खूळ लागलं. मी म्हटलं, खूळ तर खूळ, तुम्हाला तेही लागत नाही.

व्याकरण कुठून आणलं? आमच्या मायकडून. माय म्हणजे द्रौपदाबाई, सोनगीरजवळच्या खेड्यात जन्म गेला, आता माझ्याजवळ धुळ्यातच, देवपूरला असते. ती भाजी निवडत बोलायची आणि मी समोर वही घेऊन बसायचो. ती वैतागायची. “मन्हं बोलनं काय लिखी राह्यना? तुले काय काम नही का?” मी तेही लिहून घ्यायचो. ‘सगळं’ म्हणायचं असेल तर गोटमध्ये ‘बठ्ठा’ लिहायचं. ‘आहे’ म्हणायचं असेल तर ‘शे’.

या ‘शे’वर माझा फार जीव. त्याचं कारण जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका अक्षरातून झालं. अहिराणीत कोणी दारातून हाक मारली, “घरमा कोनी शे का?” तर आतून नुसतं “शे” म्हटलं की भागतं. कोणीतरी आहे, एवढं कळलं. आणि ‘हाऊ मन्हा भाऊ शे’ म्हटलं, तर हा कोण, तर भाऊ, अशी ओळख पटते. एकच शब्द दोन कामं करतो. मी गोटमध्ये नेमकं तेच ठेवलं. ‘शे’च्या पुढे काही लिहिलेलं असेल तर यंत्राने दोन्ही गोष्टी जुळतात का ते बघायचं. पुढे काही नसेल तर नुसतं काहीतरी आहे का, एवढं बघायचं. कॉम्प्युटरच्या इतर कुठल्या भाषेत अशी गंमत नाही, असं मी जिथे तिथे सांगत फिरायचो.

आता एखाद्या खात्याचं दार उघडायचं असेल तर गोटमध्ये काय लिहितात बघा. ‘जर दिधेल शे ठेवेल, ते दार उघाड.’ म्हणजे माणसाने दिलेला परवलीचा शब्द हा आपण जपून ठेवलेला शब्द असेल, तर दार उघड. वाचायलाही गोड. पण समजा, ठेवलेला शब्दच रिकामा असला तर? तर ‘शे’च्या पुढे काही उरत नाही. उरतं एवढंच, ‘जर दिधेल शे’. काहीतरी दिलंय का? दिलंय. मग उघडा दार. कोणी काहीही टाइप केलं तरी दार उघडणार.

हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

सपना माझी विद्यार्थिनी. तिचे वडील दीपनगरच्या वीज केंद्रात होते, ती वाढली तिथल्या कॉलनीत. बौद्ध कुटुंब, घरात पुस्तकांना मान, आणि पोरगी अशी की मी फळ्यावर चुकलो तर मागच्या बाकावरून शांतपणे “सर, चौथी ओळ” म्हणायची. आता ती जळगावात एका कंपनीत आहे. कंपनीचं काम संपवून तिने स्वतःच्या हौसेने एक गोष्ट केली. जळगावातल्या मुलींच्या एका वसतिगृहासाठी तक्रारपेटी बनवली, मोबाइलवर चालणारी. मुलीने आपल्या नावाने तक्रार लिहायची. वसतिगृहाच्या लोकांना फक्त तक्रार दिसणार, नाव नाही. नाव बघता येणार एकट्या अध्यक्षांना, आणि अध्यक्ष म्हणजे बाहेरच्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई. पेटी उघडली की पहिल्याच पानावर लिहिलेलं असायचं, ‘तुमचं नाव फक्त अध्यक्षांना दिसेल.’

आणि ही पेटी तिने गोटमध्ये लिहिली. का, तर सरांची भाषा आहे म्हणून. मला तिने फोन करून सांगितलं तेव्हा माझी छाती अशी फुगली की विचारू नका. धुळ्यात दिसेल त्याला धरून मी सांगितलं. तेवीस फेब्रुवारीला अहिराणीचा मेळावा होता, तिथे माझा सत्कार ठरला होता, आणि गोट काय काय करू शकते ते दाखवताना ही पेटी दाखवायची, हेही मी ठरवून टाकलं.

चार फेब्रुवारीला, मंगळवारी, मधल्या सुट्टीत सपनाचा फोन आला. त्या डॉक्टरीणबाई मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या होत्या, म्हणून त्यांचं खातं तिने बंद केलं. बंद केलं म्हणजे परवलीचा शब्द पुसून रिकामा ठेवला. नीट बंद झालं का बघावं म्हणून तिने उगाच ‘कांदा’ असं टाइप केलं. दार उघडलं. मग ‘मुळा’ टाइप केलं, तरी उघडलं. सगळ्या मुलींची नावं समोर.

मी काय म्हणालो? म्हणालो, शब्द रिकामा ठेवायचाच कशाला, ही भाषेची नाही, वापरणाऱ्याची चूक आहे. ती म्हणाली, वापरणारा चुकणारच ना सर, म्हणून तर भाषेने सांभाळून घ्यायचं. मी म्हणालो, मी काय आया आहे का सगळ्यांची? तिने तरी आवाज चढवला नाही. म्हणाली, नवी भाषा आहे, असं होणारच. मोठमोठ्या भाषांनीसुद्धा पोरवयात अशी दारं उघडी टाकलेली आहेत. त्यांच्या चुकांच्या याद्या असतात. चूक काय, कोणी शोधली, कोणत्या तारखेला कळवली, कधी बुजवली. कोणालाही वाचता येतात. आपणही अशी यादी सुरू करू, पहिली नोंद माझी घ्या.

यादी म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मेळाव्याच्या तोंडावर मी माझ्या भाषेच्या चुकांची यादी चव्हाट्यावर लावू? लोकांनी हसावं म्हणून? म्हटलं, सात वर्षांत एकाने चूक काढली नाही आणि तू यादी करायला निघालीस.

तेव्हा ती जे म्हणाली ते मी आता प्रत्येक वर्गात सांगतो, तिचं नाव घेऊन. “सर, जिची यादी नसते ती भाषा निर्दोष नसते. ती कोणी तपासलेलीच नसते.”

बोलणं बरोबर होतं, म्हणूनच झोंबलं. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. “सपना, तुझं बालपण कॉलनीत गेलं. तुमच्या घरात अहिराणी नाही. ‘शे’ म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं.”

‘तुमच्या घरात’ या शब्दांत कॉलनीपेक्षा जास्त काही होतं. ते तिने ऐकलं. मीही ऐकलं. मग ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “बरं सर. पण तोवर पेटी बंद ठेवू का?”

ठेव म्हणालो असतो तर आज ही गोष्ट नसती. मी म्हणालो, मुळीच नको, मला ती तेवीस तारखेला दाखवायचीय. त्या बाईंच्या खात्याला काहीतरी लांबलचक शब्द लावून टाक, मेळावा उरकला की मी ‘शे’चं बघतो. तिने शब्द लावला. एक दार बंद झालं. अशी दारं अजून किती असतील, याचा विचार करायचं काम माझं होतं. मी भाषणाची तयारी करत बसलो.

अकरा फेब्रुवारीला त्या पेटीत एक तक्रार आली. लिहिणारी रूपल, एरंडोलची, भांड्यांचे व्यापारी भिकमचंद यांची धाकटी मुलगी. कधीकाळी राजस्थानातून आलेलं जैन घराणं. त्या घरातून शिकायला बाहेर राहिलेली पहिली मुलगी हीच. जळगावात सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने लिहिलं होतं की वसतिगृहाचे व्यवस्थापक पाण्याची टाकी बघायच्या निमित्ताने सकाळी मुलींच्या न्हाणीघराच्या बोळात येऊन उभे राहतात, आणि हटकलं तर हसतात. बास, पाच ओळी. इतर मुली आपसांत बोलत होत्या. लिहिलं हिने, कारण पहिल्या पानावरच्या त्या एका वाक्यावर तिचा विश्वास होता.

पंधरा तारखेला, शनिवारी, वसतिगृहाने नव्या अध्यक्षबाई नेमल्या आणि कार्यालयातून त्यांचं खातं उघडून ठेवलं. परवलीचा शब्द बाई सोमवारी येऊन स्वतः लावणार होत्या. तोवर ती जागा रिकामी. व्यवस्थापकाला आपल्याविरुद्ध कोणीतरी लिहिलंय हे कळलेलं होतंच. पुढे चौकशीत तो म्हणाला, मी सहज बाईंच्या खात्यात माझं स्वतःचं नाव टाइप करून बघितलं. खोटं नसावं. तेवढंच पुरणार होतं.

रविवारी त्याने भिकमचंदांना फोन लावला. तुमची मुलगी उशिरा येते, आम्ही रागावलो म्हणून आमच्यावर घाण आरोप करते. वर तक्रारीचा फोटो, नावासकट, पालकांच्या ग्रुपवर टाकला. सोमवारी सकाळी भिकमचंद गाडी घेऊन आले आणि मुलीला घेऊन गेले. मुलगी खोटं बोलली, असं त्यांना एकदाही वाटलं नाही, हे मला नंतर कळलं. पण एरंडोलच्या प्रत्येक मोबाइलवर त्या पाच ओळी पोचल्या होत्या, न्हाणीघरासकट. घरात आजीने अन्न सोडलं होतं.

सपनाने मला सोमवारी दुपारी सांगितलं. ती रडत नव्हती. म्हणाली, “मी पेटी बंद करायला हवी होती सर. मी तुम्हाला विचारत बसले.” माझ्यावर एक शब्द ठेवला नाही. ठेवला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीला बसलो. किती वेळ लागला सांगू? जेवणानंतर बसलो आणि चार वाजता चहाला उठलो. ‘शे’ची दोन कामं तोडली. नुसतं काही आहे का विचारायचं असेल तर ‘शे’. दोन गोष्टी जुळतात का बघायचं असेल तर ‘बराबर’. आणि ‘बराबर’च्या कुठल्याही बाजूला रिकामं असेल तर यंत्राने तिथेच थांबायचं आणि म्हणायचं, ‘आठे काही नही’, म्हणजे इथे काही नाही. संपलं. एका दुपारचं काम मी तेवीस तारखेनंतर करणार होतो.

मायने विचारलं, काय एवढं करतोय, जेवला तेव्हापासून मान वर नाही. मी तिला समजावून सांगितलं, तिच्याच बोलीचा दोष असल्यासारखं, की तुझा ‘शे’ दोन कामं करतो म्हणून घोटाळा झाला. ती माझ्याकडे बघत राहिली. “शे म्हनीसनी कोनी थांबना, ते आपन इचारतसच ना, काय शे?”

खरंच की. आपण विचारतोच. कोणी अर्धवट ‘शे’ म्हणून थांबलं तर खेड्यातली म्हातारीसुद्धा विचारते, काय आहे बाबा, पुढे बोल. बोलीत ती खबरदारी होती. मी ती ऐकली नव्हती. मला फक्त गंमत ऐकू आली होती. आणि ज्या मुलीला मी ‘तुला नाही कळायचं’ म्हणालो, तिने नेमकी तीच खबरदारी मागितली होती.

आता जे सांगतो ते सांगणं मला जड जातंय. मी मेळाव्याला गेलो. हो, गेलो. शाल घेतली, नारळ घेतला. आणि पडद्यावर जुनी गोट दाखवली, दुरुस्तीच्या आधीची. एकच ‘शे’ दोन कामं कशी करतो ते दाखवलं, कारण टाळ्या तिथे पडतात. पडल्या.

मार्चमध्ये चौकशी झाली, व्यवस्थापकाला काढलं, त्या जागी बाई नेमल्या. वसतिगृहाने रूपलच्या घरी पत्र पाठवून माफी मागितली. मी गोटची यादी सुरू केली, पहिल्या नोंदीत सपनाचं नाव आणि कळवल्याची, बुजवल्याची अशा दोन्ही तारखा घातल्या. रूपल मात्र एरंडोललाच होती. लेखी परीक्षा तिने घरून गाडीने जाऊन-येऊन दिल्या, वडील बाहेर थांबून राहायचे. पण प्रॅक्टिकल सलग आठवडाभर होतं, सकाळी सातपासून, कधी संध्याकाळ होईपर्यंत. त्यासाठी जळगावात राहणं भाग होतं. प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की पुढे एम. एस्सी.चं नाव त्या घरात कोणी काढणार नव्हतं. ते सोमवारी, एकवीस एप्रिलला सुरू होत होतं.

सपना महिनाभर त्या घरी फोन करत होती. आधी आईशी बोलली, मग आजीशी, मग भिकमचंदांशी. तिने त्यांना कशाकशाने वळवलं, तीच जाणे. शेवटी ते म्हणाले, ज्यांनी ही भाषा बनवली त्या सरांना मला एकदा बघायचंय. माझ्यासमोर येऊन बोलले तर मी पोरीला पाठवेन. सपनाने मला कळवलं. एवढं झाल्यावरही तिने मला ‘सर’च म्हटलं.

शनिवारी मी धुळ्याहून एस. टी.ने निघालो, ती जळगावहून आली. एरंडोलच्या स्टँडवर भेटलो तेव्हा अकरा वाजले होते आणि डांबर मऊ झालं होतं. रिक्षात तिने एवढंच सांगितलं की सर, माफी मागा, बाकीचं मी बघते. मी हो म्हणालो. तिने मला ओळखायला हवं होतं. नऊ वर्षं ओळखत होती.

दुकान बाजारपेठेत, खाली भांडी, वर घर. भिकमचंद साठीकडे झुकलेले, पांढरा सदरा, आवाज हळू. त्यांनी उठून हात जोडले, पंखा माझ्याकडे वळवला, गिऱ्हाइकांना मागच्या बाजूला पाठवलं. वरून खाखरे आणि चहा आला. रूपल कढयांच्या उतरंडीशेजारी स्टुलावर बसली होती, मांडीवर प्रॅक्टिकलची वही. बारीक चणीची, चष्मा लावलेली मुलगी. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

मी माफी मागितली. ठीक मागितली. म्हणालो, माझ्या भाषेत दोष होता, त्यामुळे तुमच्या मुलीचं नाव बाहेर गेलं, मी तिचा आणि तुमच्या घराचा अपराधी आहे. आता तो दोष काढलाय. भिकमचंद ऐकत राहिले. दोष म्हणजे काय, हे त्यांनी खोदून विचारलं नाही. फक्त विचारलं, पेटी आता बंद आहे ना? सपनाने सांगितलं, सगळं नव्याने तपासल्याशिवाय उघडणार नाही.

मग ते माझ्याकडे वळले. “सर, चूक माणसाकडूनच होते. आमच्या दुकानात गळकं भांडं जातं कधी. बनवणाऱ्यालाही ते माहीत नसतं. पण या उन्हात धुळ्याहून येऊन, माझ्या दारात उभं राहून कोणी चूक कबूल करत नाही. तुम्ही मोठे आहात.” आणि मुलीकडे बघून म्हणाले, “रूपल, उद्या दुपारी सोडतो तुला.”

मुलीने वही मिटली. तिचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. सपनाने सुटकेचा श्वास सोडला, तोही मला ऐकू आला. काम झालं होतं. मी चहा संपवून नमस्कार करून उठायचं, एवढंच बाकी होतं.

पण मला ते ‘तुम्ही मोठे आहात’ सहन होईना. दोन महिने आतून जे कुरतडत होतं, त्यावर हा भला माणूस फूल वाहत होता. ‘बनवणाऱ्यालाही माहीत नसतं’ हे तर अजिबात गिळवेना. वाटलं, आता बोललो नाही तर पुन्हा तेच होईल, शाल आणि नारळ. मला मोकळं व्हायचं होतं हो. बाकी काही नाही. स्वतःला मोकळं करायचं होतं.

म्हणालो, “शेठजी, मला माहीत होतं. या सपनाने मला चार फेब्रुवारीला सांगितलं होतं. तुमच्या मुलीने तक्रार लिहिली त्याच्या आठवडाभर आधी.”

सपनाने कप खाली ठेवला. मी थांबलो नाही, एकदा सुटलो की मला थांबता येत नाही. मेळावा सांगितला, सत्कार सांगितला, पेटी चालू ठेवायला मीच सांगितलं हे सांगितलं. एका दुपारचं काम होतं, हेही सांगितलं. बोलताना मला हलकं वाटत होतं. लाज वाटते, पण खरंच वाटत होतं.

भिकमचंदांनी सपनाला विचारलं, “ताई, तुम्हालाही माहीत होतं?” ती म्हणाली, “हो.” त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, रागावले असते तर समजूत काढता आली असती. म्हणाले, “चुकीचं मला भय नव्हतं. मी समजत होतो, कोणाला माहीत नव्हतं. तिथे शिकलेली माणसं होती, त्यांना माहीत होतं, आणि माझी मुलगी लिहीत होती. तिथे मी तिला पुन्हा कशी ठेवू?” सपना बोलली, खूप बोलली, व्यवस्थापक गेला, नव्या बाई आल्या, हवं तर आठवडाभर रूपल माझ्या खोलीवर राहील. ते प्रत्येक वाक्यानंतर “खरं आहे ताई” म्हणत होते. शेवटी म्हणाले, “चहा गार होतोय, घ्या.” आणि मागे गिऱ्हाइकांकडे गेले.

आम्ही दुकानाच्या पायऱ्या उतरलो. सपना पुढे रिक्षा बघायला गेली, माझ्याकडे न बघता. मागून रूपल आली. तिला मी तोपर्यंत एक शब्दही बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, ही मला शिव्या देईल. मी त्यासाठी उभा राहिलो.

ती हळू आवाजात म्हणाली, “सर, मला सगळं माहीत होतं. सपनाताईंनी मार्चमध्येच सांगितलंय, तारखेसकट. मला राग आला होता, आणि मग गेलाही. ते माझं मी बघून घेतलं होतं.” चष्मा काढून तिने ओढणीने पुसला. “बाबांनी तुम्हाला विचारलं होतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

ती आत गेली. सोमवारी सकाळी सात वाजता तिचं प्रॅक्टिकल सुरू झालं. सपना जळगावच्या कॉलेजच्या फाटकात साडेनऊपर्यंत उभी होती. रूपल आली नाही.